नॉर्वेच्या राजचरित्रांतील पेडकथा

कोपनहेगन येथील राजकीय ग्रंथालयांत, जुन्या राजसंग्रहापैकीं १००९ या क्रमांकावर, चर्मपत्रावर लिहिलेली एक पोथी आहे. तिचीं ३७ पत्रें आज शिल्लक आहेत. मधलीं कांहीं गहाळ झालीं असून शेवटहि तुटलेला आहे. ही प्रत इ. स. १२७५ च्या सुमारास आइसलंडांत लिहिली गेली असें मानतात. ग्रंथाची मूळ रचना मात्र तिच्याहि आधींची, म्हणजे १२२० च्या आसपासची आहे. विषय नॉर्वेच्या राजांचा. मॅग्नस राजाच्या कारकीर्दीच्या आरंभापासून, म्हणजे १०३५ च्या सुमारापासून, ११५७ पर्यंतची हकीकत तींत आज वाचावयास मिळते. ग्रंथकर्ता बहुधा आइसलंडचा असावा. परंतु त्या काळीं दोन्ही देशांची भाषा एकच होती आणि आइसलंडचे भाट व कथेकरी नॉर्वेच्या दरबारीं नित्य येत-जात. त्यामुळें नॉर्वेचा प्राचीन इतिहास लिहिणारास या पोथीवांचून गत्यंतर नाहीं.

पोथीस ‘मोर्किनस्किन्ना’ म्हणतात. त्या भाषेंत याचा अर्थ कुजकें कातडें. हें नांव सतराव्या शतकांतील इतिहासकार थोर्मोद तोर्फेउस यानें दिलें. डेन्मार्कचा राजा तिसरा फ्रेडरिक यानें त्याला जुनीं हस्तलिखितें मिळविण्याकरितां आइसलंडांत पाठविलें होतें, आणि स्काल्होल्टचा बिशप ब्रिन्योल्फुर स्वेइन्सन यानें १६६२ मध्यें ज्या पोथ्या राजाकडे रवाना केल्या त्यांत ही होती. याच विषयावरील दुसऱ्या एका पोथीस तोर्फेउसनें ‘फाग्रस्किन्ना’, म्हणजे सुंदर कातडें, असें नांव दिलें. पुढें १७२८ च्या ऑक्टोबरांत कोपनहेगन शहरास मोठी आग लागली, तींत सुंदर कातडें जळून गेलें; त्याची ओळख आतां मुख्यत्वें कागदी नकलांवरूनच पटवावी लागते. कुजकें कातडें तेवढें वांचलें. पोथ्यांचें नशीब त्यांच्या नांवांवर अवलंबून नसतें, हें संग्राहकांस सांगावयास नकोच.

या पोथींत राजांच्या लढाया, तह व मृत्यू यांच्या हकीकतींमध्यें लहान लहान स्वतंत्र कथा आल्या आहेत. त्यांची मोजणी संपादकागणिक बदलते. परंतु पंधरासोळा तरी ठळकपणें वेगळ्या काढून दाखवितां येतात. अशा कथेस जुन्या नॉर्स भाषेंत ‘थात्तर’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ दोराचा पेड. दोर जसा अनेक पेडांचा वळलेला असतो, तसा ग्रंथहि अनेक कथांचा वळलेला, अशी कल्पना त्या शब्दांत आहे. म्हणून पुढें या कथांना आम्ही पेडकथा असेंच म्हणणार आहों. या पेडांविषयीं गेलीं शंभर-सव्वाशें वर्षें एक वाद चालत आला आहे : ते ग्रंथाच्या मूळ विणींतले, कीं मागाहून कोणीं घुसडलेले? प्रस्तुत लेखकाच्या मतें ते बहुतांशीं मूळचेच आहेत, आणि ते उपटून वेगळे छापल्यानें इतिहासाचा पुरावाच नाहींसा होतो. हें मत कथा समोर ठेवूनच मांडलें पाहिजे, म्हणून प्रथम त्यांतील सर्वांत प्रसिद्ध कथा थोडी विस्तारानें सांगतों.

आइसलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील औदुन नांवाचा एक गरीब तरुण होता. म्हाताऱ्या आईच्या तीन वर्षांच्या निर्वाहाची तजवीज करून तो समुद्रपार गेला. ग्रीनलंडांत त्यानें आपलें होतें नव्हतें तें सर्व देऊन एक पांढरें अस्वल विकत घेतलें. तें डेन्मार्कचा राजा स्वेन यास नजर करावें असें त्याच्या मनानें घेतलें. वाटेंत तो नॉर्वेस उतरला. तेथें त्या वेळीं हाराल्द हा राजा होता (१०४६–१०६६). त्याच्या कठोरपणाची ख्याति मोठी होती, व त्याचें स्वेन राजाशीं युद्ध चाललें होतें. हाराल्दानें औदुनला बोलावून विचारलें कीं, घेतल्या किंमतीस अस्वल देतोस काय? औदुन नाहीं म्हणाला. दुप्पट किंमतीस? तरीहि नाहीं. मग फुकट देतोस काय? तेंहि नाहीं, तें स्वेन राजाला द्यावयाचें आहे. दोन राज्यांत युद्ध चालू असतां, रिकाम्या हातीं जाणाऱ्यासहि जेथें वाट मिळत नाहीं तेथें एवढें मोलाचें जनावर नेऊं पाहणारा हा माणूस एकतर मूर्ख असला पाहिजे नाहींतर भाग्यवान्, असें राजास वाटलें. त्यानें औदुनला जाऊं दिलें. अट एवढीच कीं, परत येतांना स्वेननें काय दिलें तें येऊन सांगावें.

डेन्मार्कांत पोहोंचेपर्यंत औदुनजवळचें सर्व संपलें. अस्वल उपाशी मरावयास टेकलें. आकि नांवाच्या राजाच्या कारभाऱ्यानें खावयास घालण्याच्या मोबदल्यांत अस्वलाचा अर्धा हिस्सा लिहून घेतल्यासारखाच करून घेतला. राजापुढें दोघे गेले. हाराल्द, जो शत्रु, त्यानें ज्याला निर्वेध जाऊं दिलें त्याच्या वाटेंत आपलाच माणूस आडवा आला, हें ऐकून स्वेन संतापला व त्यानें आकीला देशाबाहेर घालविलें. (अर्ध्या हिश्श्याचा हा प्रसंग वाचतांना, पहारेकऱ्याला फटक्यांतील निम्मा वांटा देणारी बिरबलाच्या नांवावरची गोष्ट आठवते. सादृश्य वरवरचें आहे. येथें रोख थट्टेवर नसून दोन राजांच्या तुलनेवर आहे, तें विसरूं नये.)

पुढें औदुन रोमच्या यात्रेस गेला. परत आला तो आजारानें खंगलेला, डोक्यावरचे केस गेलेला व फाटक्या वस्त्रांत. राजासमोर येण्याची त्याला लाज वाटली. राजानेंच त्याला ओळखून हातीं धरिलें, आणि हंसणाऱ्या दरबाऱ्यांस सांगितलें कीं, यानें आपल्या आत्म्याची सोय तुमच्यापेक्षां चांगली लाविली आहे. राजानें दरबारांत मानाची जागा देऊं केली. परंतु आईसाठीं ठेवलेलीं तीन वर्षें संपत आलीं होतीं; ती तिकडे भीक मागत फिरेल आणि आपण येथें मानानें राहूं, हें औदुनला पटेना. मग राजानें त्याला मालानें भरलेलें गलबत दिलें. गलबत फुटलें तर जवळ कांहीं असावें म्हणून रुप्याची थैली दिली. थैलीहि बुडाली तर हातांत राहील म्हणून सोन्याचें कडें दिलें. कडें कोणास देऊं नकोस, मात्र ज्याचे तुझ्यावर मोठे उपकार असतील अशा थोर पुरुषास दिलेंस तर हरकत नाहीं, असेंहि सांगितलें.

औदुन ठरल्याप्रमाणें हाराल्दाकडे आला. राजा एकेक देणगी विचारीत गेला आणि प्रत्येक वेळीं, हें मीहि दिलें असतें, असें म्हणत गेला. पुढें एक वेळ अशी आली कीं, याहून अधिक मी केलें नसतें असें त्याला कबूल करावें लागलें. शेवटीं औदुननें तें कडें काढून हाराल्दासच दिलें. कारण अस्वल व प्राण हीं दोन्हीं घेण्याचें सामर्थ्य असतां त्यानें दोन्हीं सोडलीं होतीं. हाराल्दानें उलट उत्तम देणग्या देऊन त्याची पाठवणी केली.

ही कथा स्वतंत्रपणें छापली तरी वाचनीय आहे, व तशी ती असंख्य वेळां छापली गेली आहे. परंतु पोथींत ती जेथें आहे तेथें वाचली म्हणजे तिचें स्वरूप पालटतें. आजूबाजूच्या पत्रांत हाराल्द व स्वेन यांच्या वैराचीं वर्षें चाललेलीं आहेत. हाराल्द रणांत स्वेनपेक्षां सरस, हें इतिहास सांगत आहे. आणि त्याच इतिहासाच्या मध्यें एक भिकारी आइसलंडकर दोघांना दानाच्या तराजूंत घालून तोलतो. या तराजूंत पारडें कोणाकडे झुकलें हें ग्रंथकार उघड सांगत नाहीं. तें तो हाराल्दाच्या तोंडून, एकेका देणगीच्या हिशेबांतून, वदवितो. ही राजावरील टीका आहे व स्तुतीहि आहे, आणि ती राजचरित्राच्या बाहेर काढली कीं निव्वळ एका भल्या मुलाची गोष्ट उरते.

कथेंतील घटना जशीच्या तशी घडली, असें म्हणण्यास दुसरा आधार नाहीं. परंतु ग्रीनलंडचीं अस्वलें राजेरजवाड्यांस नजर करण्याची रीत खरी होती. आइसलंडचा पहिला बिशप झालेला इस्लेइफ यानें सम्राट् तिसरा हेन्री यास असेंच अस्वल नजर केल्याचें तेथील बिशपांच्या चरित्रग्रंथांत नमूद आहे, व तो प्रसंगहि याच पिढींतला आहे.

याहून पक्का पुरावा हाल्दोर स्नोरासन याच्या पेडांत आहे. हा आइसलंडकर हाराल्दाबरोबर कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाच्या चाकरींत होता, व त्याच्याबरोबरच नॉर्वेस परतला. नाताळांत राजानें चाकरांना वेतन वांटलें, तेव्हां हाल्दोरनें आपल्या पदरांत पडलेलीं नाणीं पाहिलीं, त्यांत तांब्याची भेसळ ओळखली, आणि खालून हात मारून तीं सगळीं गवतांत उडवून दिलीं. इतकें हीणकस नाणें राजानें पाडलें, ही गोष्ट दरबारी भाटांच्या स्तुतिकाव्यांत कोठून येणार! परंतु हाराल्दाचीं नाणीं आज संग्रहालयांत आहेत, त्यांची धातुपरीक्षा झाली आहे, आणि त्याच्या कारकीर्दींत चांदीचें प्रमाण झपाट्यानें उतरत गेलें हें तिच्यावरून सिद्ध झालें आहे. नाणकशास्त्रानें जें विसाव्या शतकांत दाखविलें, तें तेराव्या शतकांतील या ‘प्रक्षिप्त’ म्हटलेल्या कथेंत नोंदलेलें होतें.

आतां तिसरी कथा. ती आकारानें सर्वांत लहान, पण आमच्या मतें वादाचा निकाल लावण्यास सर्वांत उपयोगी. एक तरुण आइसलंडकर हाराल्दाच्या दरबारीं आला. काय येतें म्हणून विचारतां, कथा येतात असें तो म्हणाला. जेव्हां जो सांगेल तेव्हां त्याची करमणूक करावी, या अटीवर राजानें त्याला ठेवून घेतलें. नाताळ जवळ आला तसा तो उदास दिसूं लागला. राजानें ओळखलें कीं, याच्या कथा संपल्या. तरुणानें कबूल केलें कीं, एकच उरली आहे, पण ती येथें सांगण्याचा धीर होत नाहीं. कारण ती खुद्द राजाच्या परदेशांतील पराक्रमांची आहे. राजा म्हणाला कीं, मला तीच सर्वांत जास्त ऐकावयाची आहे. ती नाताळच्या सर्व दिवसांना पुरेल अशी मी व्यवस्था करीन, तूं रोज थोडी थोडीच सांग. त्याप्रमाणें कथा चालली. ऐकणाऱ्यांत कुजबूज झाली. राजाच्या मुद्रेवर मात्र कांहीं उमटलें नाहीं. सण संपत आला तेव्हां कथाहि संपली. मग राजानें विचारलें कीं, ही तुला कोणीं शिकविली? उत्तर मिळालें कीं, आइसलंडच्या वार्षिक लोकसभेस मी दर उन्हाळ्यांत जात असें, व तेथें हाल्दोर स्नोरासन सांगे त्यांतला थोडा थोडा भाग दर वर्षीं शिकून घेत असें. राजा म्हणाला, मग ती बिनचूक असल्यास नवल नाहीं.

ही कथा ज्या ग्रंथांत आहे त्याच ग्रंथांत, आधींच्या पत्रांवर, हाराल्दाच्या त्या परदेशांतील पराक्रमांची हकीकत सविस्तर दिलेली आहे. म्हणजे ग्रंथकारानें येथें आपल्या माहितीची वंशावळच सादर केली आहे : प्रत्यक्ष पाहणारा हाल्दोर, त्याच्यापासून वर्षावर्षानें शिकलेला हा अनाम तरुण, आणि त्यावर खुद्द नायकाची मान्यता. ही वंशावळ खरी मानावी कीं ग्रंथकाराची युक्ति मानावी, याविषयीं मतभेद होऊं शकतो. पण जो आपल्या हकीकतीचा आधार असा सांगतो तो ती कथा उगीच मध्यें कोंबीत नाहीं. शिवाय, लिखित ग्रंथ होण्यापूर्वीं एवढी लांब कथा तोंडीं कशी शिकत, किती दिवसांत शिकत व किती बैठकींत सांगत, याचें त्या काळच्या दृष्टीनें केलेलें इतकें स्पष्ट वर्णन उत्तरेकडील वाङ्मयांत विरळा.

मग या कथांना प्रक्षिप्त कां म्हटलें गेलें? मोर्किनस्किन्ना प्रथम उंगर या नॉर्वेजियन पंडितानें ख्रिस्तियानिया (आजचें ओस्लो) येथें १८६७ मध्यें छापली. त्यानंतर १९३२ मध्यें फिन्नुर योन्सोन याची आवृत्ति निघाली. योन्सोनची विद्वत्ता वादातीत आहे. परंतु त्याच्या मतें एक ‘सर्वांत जुनी मोर्किनस्किन्ना’ होती, तींत या कथा नव्हत्या, व पुढील लेखनिकांनीं त्या भरल्या. त्याचा मुख्य आधार असा कीं, याच परंपरेवर रचलेल्या फाग्रस्किन्नेंत आणि स्नोरी स्तुर्लुसोन याच्या ‘हाइम्सक्रिंगला’ या प्रख्यात ग्रंथांत (सुमारें १२३०) या कथा बहुतेक आढळत नाहींत. दुसरा आधार अभिरुचीचा : कथांमुळें इतिहासाचा ओघ तुटतो.

पहिला आधार मौनाचा आहे. फाग्रस्किन्नेचा कर्ता संक्षेप करणारा होता. स्नोरी हा तर राजकारणी पुरुष. त्याला राज्यांच्या उलाढालींचें चित्र काढावयाचें होतें, व त्याच्या योजनेंत औदुनच्या अस्वलास जागा नव्हती. एकानें वगळलें म्हणून दुसऱ्याच्या मुळांत नव्हतें, असें अनुमान निघत नाहीं. दुसऱ्या आधाराविषयीं बोलावयाचें तर, ओघ तुटतो तो एकोणिसाव्या शतकांतील वाचकाचा. पुढच्या लेखनिकांचा तो तुटत नव्हता. ‘हुल्दा’ व ‘ह्रोक्किनस्किन्ना’ या नांवांच्या चौदाव्या-पंधराव्या शतकांतील पोथ्या पहाव्या. त्यांच्या जुळणाऱ्यापुढें स्नोरीचा घोटीव पाठ तयार होता. तो त्यानें घेतला, आणि मोर्किनस्किन्नेंतील पेड पुन्हां त्यांत वळले. फ्लातेयारबोक या प्रचंड पोथींतहि तोच प्रकार. ती १३८७ ते १३९४ च्या दरम्यान दोन धर्मोपदेशकांनीं योन हाकोनारसन या धनिकासाठीं लिहिली. तींत मॅग्नस व हाराल्द यांचीं चरित्रें नव्हतीं, म्हणून पंधराव्या शतकांत दुसऱ्या एका मालकानें २३ पत्रें नवीं लिहवून घातलीं. तीं घातलीं तीं औदुनसारख्या कथांसकट.

एखाददुसरा पेड मागाहून शिरला असण्याचा संभव नाकारतां येत नाहीं. रचना आणि उपलब्ध प्रत यांत पन्नास वर्षांचें अंतर आहे. परंतु सरसकट सर्व कथांस प्रक्षिप्त ठरवून कातरी लावण्यास पोथीचा आधार नाहीं. तरीहि कातरी चाललीच. १९०४ मध्यें रेक्याविक येथें चाळीस पेडांचा वेगळा संग्रह निघाला, १९३५ मध्यें आणखी एक. आणि वाचकांच्या पिढ्यांनीं ह्या कथा राजांशिवाय व राजे ह्या कथांशिवाय वाचले. अलीकडे दृष्टि बदलली आहे. थिओडोर अँडरसन व कारी एलेन गादे यांचें इंग्रजी भाषांतर २००० मध्यें निघालें, त्यांत कथा आपापल्या जागीं आहेत. आइसलंडचा अभ्यासक आर्मान याकोबसोन यानें २००२ च्या आपल्या ग्रंथांत पेड व दोर यांची वीण एकच असल्याचें विस्तारानें प्रतिपादिलें, आणि २०११ मध्यें त्याच्या सहसंपादनाखालीं जी आवृत्ति आली तींतहि पोथीचाच क्रम राखला आहे.

त्याच तेराव्या शतकांत नॉर्वेच्या दरबारांत लघुकथेचा दुसराहि प्रवाह आला, तो भाषांतराचा. हाकोन हाकोनारसन राजाच्या (१२१७–१२६३) आज्ञेनें फ्रेंच पद्यकथांचें ‘स्ट्रेंगलेइकार’ नांवाचें गद्य भाषांतर झालें. त्याची एकुलती जुनी प्रत उप्साला येथें आहे. तिचीं कांहीं फाटकीं पत्रें बिशपाच्या टोपीला ताठपणा आणण्यासाठीं आंत शिवलेलीं सांपडलीं! त्याच राजघराण्याच्या आश्रयानें ‘बार्लाम व योसाफत’ ही कथा लॅटिनवरून नॉर्स भाषेंत उतरली. हें मूळचें बुद्धचरित्र, हें आतां सर्वमान्य आहे. आणि विहिरींत लोंबकळणारा, काळ्यापांढऱ्या उंदरांनीं मूळ कुरतडलें जात असतां मधाचे थेंब चाटणारा जो मनुष्य आपणांस महाभारताच्या स्त्रीपर्वांत भेटतो, तोच तींत दृष्टान्तरूपानें नॉर्वेपर्यंत पोहोंचला आहे. या ग्रंथांतील दृष्टान्तांस मात्र कोणी प्रक्षिप्त म्हणत नाहीं. कारण तेथें सांगणारा गुरु व ऐकणारा शिष्य समोर बसलेले दिसतात. मोर्किनस्किन्नेंतहि ते बसलेले आहेत, फक्त राजासनावर व बाकावर.

आस्ब्यर्नसन यानें १८४५ ते १८४८ च्या दरम्यान नॉर्वेंतील वनदेवतांच्या कथा प्रसिद्ध केल्या, तेव्हां त्यानें त्या नुसत्या ओळीनें मांडल्या नाहींत. शिकारीची वाट, मुक्कामाचें घर, सांगणारी म्हातारी यांच्या वर्णनांत त्या गुंफल्या.

पोथ्यांची पुढची हकीकत सांगावयाची राहिली. आइसलंडची हस्तलिखितें परत करण्याचा कायदा डेन्मार्कच्या लोकसभेनें १९६१ मध्यें व पुन्हां १९६५ मध्यें संमत केला. ज्या ग्रंथाचा कर्ता किंवा भाषांतरकार आइसलंडचा आणि ज्याचा विषय संपूर्णतः किंवा मुख्यतः आइसलंडचा, तो ग्रंथ परत द्यावा, असा निकष ठरला. फ्लातेयारबोक या निकषांत बसत नव्हती, कारण तिचा विषय बव्हंशीं नॉर्वेचे राजे; म्हणून तिचा कायद्यांत नांवानें निराळा उल्लेख करावा लागला, आणि २१ एप्रिल १९७१ रोजीं ती जहाजानें रेक्याविकच्या बंदरांत उतरली. मोर्किनस्किन्नेसाठीं असा अपवाद झाला नाहीं. औदुन, हाल्दोर व तो अनाम कथेकरी हे सर्व आइसलंडचे. पण मोजतांना दोर मोजला गेला तो राजांच्या नांवानें, आणि तीं ३७ पत्रें कोपनहेगनांतच राहिलीं.